डावीकडे काटा, उजवीकडे पाणी

४ जानेवारी १९५५, मंगळवार. आकुर्डी

आले बाई एकदाची! चिंचवड स्टेशनवर ट्रंक उतरवून घेते आहे तोच नानासाहेबांची मोटार समोर हजर. चालवायला त्यांचा धाकटा भाऊ सयाजी. मला म्हणाला, कुसुमताई, बोट नंतर, आधी आमच्या या जहाजात बसा. तिशीचा घोडा झालाय, पण तोंडात सारखी मस्करी. मला आवडला.

बंगला मुंबई रस्त्याला लागून, नवा कोरा. चुन्याचा वास अजून गेलेला नाही. यांची बरीचशी जमीन कारखान्यात गेली. त्यातून आधी बंगला झाला, मग मोटार, आणि आता मालकांच्या डोक्यात बोट शिरली आहे. मुंबईहून आगबोटीने मोंबासा, तिथे थोडा मुक्काम, आणि परत. काम काही नाही, निव्वळ सहल, तीही पहिल्या वर्गाने! अडचण एकच. गेल्या वर्षी पुण्यात कुणा साहेबाच्या खान्याला गेले असताना बशीशेजारी घडी घालून ठेवलेला नॅपकिन मालकांनी आहेर समजून कपाळाला लावला आणि खिशात घातला. सगळं टेबल हसलं. ते हसणं नानासाहेबांच्या मनातून अजून गेलेलं नाही. बोटीवर पुन्हा तसं व्हायला नको, म्हणून मला बोलावलंय.

मी बारा वर्षं मोंबाशात काढली. हे तिथल्या बंदरात कारकून होते. त्या निमित्ताने बोटीवर येणं-जाणं झालं, तिथली खाण्याची रीत अंगवळणी पडली. हे गेले आणि मी परत आले. लेक साऊ तिकडेच दिलेली आहे. मागच्या खेपेला तिचं पाचव्यातच गेलं. आता सहावा सरत आलाय. सासू नाही, नवरा रेल्वेत, सदा फिरतीवर. बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. तिचं माहेर म्हणजे मी, आणि मी इथे समुद्राच्या अलीकडे हात चोळत बसलेली.

नानासाहेबांनी शब्द दिलाय. फेब्रुवारीअखेरच्या बोटीपर्यंत घराला काट्या-चमच्याने जेवायला शिकवायचं, मग त्यांच्या बायकोची, यशोदाबाईंची, सोबतीण म्हणून माझंही तिकीट ते काढणार. पगार नको म्हटलं, तिकीट तेवढं द्या. साऊ कळा देईल तेव्हा तिच्या उशाशी मी असले म्हणजे झालं.

७ जानेवारी, शुक्रवार

आज पहिला धडा. देहूरोडला पलटणीच्या मेसमधल्या जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथून सयाजीने बशा, काटे, सुऱ्या, काचेचे पेले असं गाडीभर आणलं. घासून पुसून मी टेबल मांडलं. मध्ये बशी, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, सुरीच्या डोक्यावर पाण्याचा पेला. मीठ बशीत वाढायचं नाही, ते टेबलाच्या मधोमध बाटलीत. ज्याला लागेल त्याने मागून घ्यावं.

धडा दुपारचा ठेवलाय, कारण संध्याकाळी मालक गावात बसायला जातात. प्रत्येकाच्या बशीपुढे जाड कागदाची पट्टी, तीवर नाव, माझ्या वळणदार अक्षरात. बाराच्या ठोक्याला मी दारात उभी राहून घंटा वाजवायची आणि एकेकाला नाव घेऊन बोलवायचं: नानासाहेब, आपली जागा मांडली आहे, या. यशोदाबाई, आपली जागा मांडली आहे, या. खऱ्या बोटीवर एवढं नाव घेऊन करत नाहीत, पण मला हौस. आणि नानासाहेब तर असे खूश झाले की मिशीला पीळच देत बसले.

मजा विचारू नका! यशोदाबाईंनी पदर सावरत सुरीने बटाटा कापला तो उडून सयाजीच्या पेल्यात. दांडगी, खळखळून हसणारी बाई आहे, पण त्या प्रकाराने लाजून चूर झाली. मी काही बसत नाही. मी वाढणारी, डाव्या अंगाने वाढते आणि उजव्या अंगाने बशी उचलते. म्हाताऱ्या आक्काबाई, म्हणजे नानासाहेबांच्या आई, या भानगडीत नाहीत. त्यांना दिसत नाही फारसं. त्या मागे स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी खातात, सोबतीला स्वयंपाकीण अंबुबाई.

११ जानेवारी, मंगळवार

गाडी रुळावर आहे. आज बोटीवर काय काय होतं ते सांगितलं. पहाटे खोलीत चहा, मग न्याहारी, दुपारचं जेवण, पुन्हा चहा, रात्रीचा थाटाचा खाना. नुसतं खातच सुटायचं. पदार्थांची नावं छापून टेबलावर ठेवतात, त्यातलं हवं ते बोटाने दाखवावं, त्यात लाज नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला जे टेबल दिलं ते शेवटपर्यंत तुमचं, जागा बदलायची नाही. समुद्र खवळला की स्टुअर्ड, म्हणजे तिथले वाढपी, टेबलावरचं कापड ओलं करतात, म्हणजे बशा घसरत नाहीत. पोटात ढवळलं तर सुका टोस्ट आणि आलं. सयाजीने विचारलं, बोट बुडाली तर पुडिंग आधी देतात का? या माणसापुढे शिकवायचं म्हणजे!

एक गोष्ट कळेना. सूप अळणी लागतं म्हणाले तिघंही. मीठ घातलं, आणखी घातलं, तरी अळणीच. मी चाखलं तर तोंडात धरवेना इतकं खारट. रात्री भूक लागत नाही असंही यशोदाबाई म्हणत होत्या. या साहेबी खाण्याने पोट जड होत असेल.

आणि कावळे! बाराची घंटा झाली की खिडकीच्या गजांवर येऊन बसतात. आज एक सरळ आत आला आणि नानासाहेबांच्या बशीतला तुकडा उचलून गेला. ते समोर बसलेले असताना! अंबुबाई म्हणाली, मागच्या अंगणात घास टाकला तर एकही येत नाही.

१५ जानेवारी, शनिवार

काल संक्रांत झाली, आज शेजारच्या वाडीत हळदीकुंकू. यशोदाबाई नवी चंद्रकळा नेसून निघाल्या, मला आग्रहाने नेलं. मी विधवा, मी कडेला भिंतीशी बसले. मला वगळणार हे रीतीला धरूनच होतं.

पण घरधनीण कुंकवाचा करंडा घेऊन ओळीने आली, डावीकडच्या बाईला लावलं, आणि यशोदाबाईंवरून पुढे सरकून उजवीकडच्या बाईला. हात अडखळलासुद्धा नाही. वाण वाटताना तेच. यशोदाबाईंनी ओटी पुढे केली, तशी ती बाई त्यांच्या हातावरून वाकून पलीकडे वाटायला लागली. मला इतका राग आला होता! जमिनीचे पैसे आले की माणसं जळतात. जळकुट्या मेल्या.

१८ जानेवारी, मंगळवार

राग कशाचा होता ते आज कळेनासं झालंय.

सयाजी पिंपरीला एसटीने गेला होता. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. माणसं येऊन त्याच्या मांडीवर बसायला लागली म्हणे. मस्करी करतोय वाटलं, पण तो हसत नव्हता. बंगल्यावरचा कुत्रा त्याच्या पायात घोटाळायचा, तो आता त्याच्या अंगावरून पाहतो, लांब रस्त्याकडे. तिघंही उतरलेत. भूक नाही, झोप नाही, भांडण नाही. फक्त बाराला हाक मारली की मुकाट येतात आणि आपापल्या जागी बसतात. काटा-सुरी आता अशी चालवतात की खरे साहेब लाजतील. शिकले एकदाचे. मला आनंद व्हायला हवा होता.

२० जानेवारी, गुरुवार

आज आक्काबाई जेवणघरात आल्या. भिंत चाचपत. पोरांचा आवाज येईना झालाय म्हणाल्या, काय करतात तरी काय दुपारची. मी टेबल मांडून ठेवलं होतं, कुणाला बोलावलं नव्हतं. त्यांनी टेबलावरून हात फिरवला. पेला लागला, तो उजवीकडे. बशीच्या कडेला बोट फिरवलं, मीठ नाही. नावाची पट्टी हाताला लागली, ते काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. बोलावता कसं ते विचारलं. तेही सांगितलं. म्हातारीचा हात तिथेच थांबला.

"कोण गेलं गं, कुसुमताई?"

मी म्हटलं, कुणी नाही. मग त्या खालीच बसल्या आणि सांगू लागल्या. या घरात माणूस गेलं की त्याचं पान मांडतात ते असं. जित्या माणसाचं पाणी डाव्या अंगाला, आणि गेलेल्याचं उजव्या. जित्याच्या पानावर पहिलं मीठ वाढायचं, गेलेल्याच्या पानाला मीठ नाही. दारात उभं राहून घरातल्या बाईने नाव घेऊन त्याला बोलवायचं, तुझी जागा मांडली हाय, ये. मग पान सोडून बाजूला व्हायचं आणि कावळ्याची वाट बघायची. त्या पानावर जितं माणूस बसत न्हाई. बसलं तर ते तिकडचं झालं.

नानासाहेबांना, यशोदाबाईंना त्यांच्या माहेरी-सासरी ही रीत ठाऊक होती ना? होती. पण ती पानाची, जमिनीवरची. काचेच्या पेल्यात आणि टेबलावर ती त्यांना ओळखूच आली नाही. आणि मी? मी बाहेरची, मला कोण सांगणार.

२१ जानेवारी, शुक्रवार

आजही मांडलं. हो, मांडलं! लिहून ठेवते, देव बघतोय. सोमवारी पुण्याहून तिकिटांचा माणूस येणार आहे, नानासाहेबांची सही घ्यायला. तोवर धडा मोडला आणि ते बिनसले तर? म्हातारीच्या एका गोष्टीवरून मी साऊला सोडू? तीन दिवसांनी काय बिघडणार आहे. सही झाली की सगळं उलटं करीन, पाणी डावीकडे, मीठ आधी. माझी साऊ तिकडे एकटी आहे हो.

अंबुबाईने संध्याकाळी विचारलं, घरात तुम्ही आणि आक्का दोघीच, तर पीठ किती मळू? यशोदाबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या.

२४ जानेवारी, सोमवार

मारुतराव आले, तिकिटांचे. बैठकीत बसले. समोरच्या खुर्चीवर नानासाहेब, पागोटं घालून, सरळ. मारुतरावांनी मला विचारलं, धनी कुठे गेलेत? मी हसले, वाटलं गंमत. नानासाहेब म्हणाले, मी इथेच आहे. मारुतराव घड्याळ बघत होते. नानासाहेब पुन्हा म्हणाले. मारुतरावांनी टोपी काढून त्याच खुर्चीवर ठेवली, त्यांच्या मांडीवर, आणि ती गादीवर जाऊन पडली.

मी मारुतरावांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. सही मी आणून देते म्हटलं, नानासाहेबांनी केलीही, माझ्यासमोर. पण कागदावर शाईच उमटेना. मारुतराव म्हणाले, धनी परत आले की कळवा, त्यांच्याशिवाय तिकीट नाही. गेले.

गेलं. माझं तिकीट गेलं.

नानासाहेबांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, कशाला त्याचं तिकीट, आमची बोट ठरली आहे. अंबुबाईही आज काम सोडून गेली. रिकाम्या घरात राहवत नाही म्हणाली.

मला ते दिसतात. रोज हाक मी मारली म्हणून दिसत असतील.

२५ जानेवारी, मंगळवार

आज टेबल लावलंच नाही. आक्काबाई आणि मी पाट मांडले, केळीची पानं, पाणी डावीकडे, मीठ पहिलं. वरणभात, तूप. घंटा नाही, हाक नाही. म्हातारीने हाताला धरधरून तिघांना बसवलं. नानासाहेबांच्या ओठाशी घास धरला, जशी लहानपणी धरत असेल. ते तोंड उघडेनात. घास हनुवटीवरून खाली. पुन्हा धरला. पुन्हा खाली. मी सयाजीच्या जिभेवर मीठ ठेवलं. सया, अरे थू तरी कर, शिवी तरी दे मला! तो टेबलाकडे बघत होता.

मग ते उठले. तिघं एकदम. आपापल्या खुर्चीवर जाऊन बसले, रिकाम्या टेबलापाशी. आणि कावळे आत आले, खाली पानांवर नाही. टेबलावर.

२७ जानेवारी, गुरुवार

आता मी हाक मारत नाही. तरी बाराला येतात. मी मांडत नाही, तरी मांडलेलं असतं. पेले उजवीकडे.

स्टेशनवर जाऊन आले. फलाटावर बसून रडले. कुठे जाऊ? पुण्यात कोण आहे? पुण्यातून मोंबासा दिसत नाही. परत आले.

दारातून पाहिलं तर टेबलाशी आक्काबाई बसलेल्या. चौथी खुर्ची. मी ओढलं त्यांना, किती ओढलं. म्हणाल्या,

"माजी पोरं हितं बसल्यात. मी कुठं जाऊ?"

त्यांनी घास घेतला.

२८ जानेवारी, शुक्रवार

पाचवी जागा मांडली आहे. पट्टीवर माझं नाव. अक्षर माझंच आहे, मी लिहिलेलं नाही.

मी स्वयंपाकघरात दार लावून मीठ खाल्लं. खारट लागलं. खारट लागतंय अजून —

२९ जानेवारी, शनिवार

नानासाहेब दाराबाहेर उभे राहून बोलले. शांतपणे. बोट उद्या दुपारी सुटते म्हणाले. मोंबाशाला लागते. समुद्र लागत नाही, दिवस लागत नाहीत. साऊच्या घराचं दार हिरवं आहे म्हणाले, उंबऱ्याशी पाण्याचं पिंप, पिंपावर चिरलेलं झाकण.

यांना कसं ठाऊक? मी कधी सांगितलं नाही. मी कधीच —

मग म्हणाले, तिला कळा सुरू झाल्या आहेत. सातवा लागतो न लागतो तोच. नवरा घरी नाही. आई, आई करते आहे.

खोटं. खोटं असू दे देवा. आणि खरं असलं तर? मी इथे दार लावून मीठ चाटत बसू? तिने मागच्या खेपेलाही हाक मारली असेल. तेव्हाही मी —

३० जानेवारी, रविवार

बसले.

वही मांडीवर आहे. सगळे आहेत. यशोदाबाई माझ्याकडे बघून हसल्या, किती दिवसांनी. पाणी उजवीकडे. साऊसाठी बसले, दुसरं काही मनात नाही. एक घास घेतला.

अळणी.

जमीन हलते आहे. हळू. खिडकीबाहेर रस्ता नाही. पांढरं आहे सगळं. खरंच निघालो. साऊ, आले गं. आले —

आक्काबाईंनी हात धरलाय माझा. गार नाही, कसलाच नाही. कौतुकाने सांगताहेत,

"लय बरं केलंस. आपल्या माणसाला न्यायला आपणच जायचं आसतं."

न्यायला?

न्यायला नाही! मी बाळंतपण करायला — मी तिला न्यायला नाही चालले. मेलेली आई दारात येते ती कशाला येते ते मला ठाऊक नाही का! सगळ्यांना ठाऊक आहे. मी कसं —

उठता येत नाही. पाय आहेत, उठत नाहीत. पंगतीतून मध्येच उठत नाहीत, नानासाहेब म्हणताहेत.

परत फिरवा. थांबवा ही. कावळा माझ्या बशीवर —

हिरवं दिसतंय. इतक्यात? इतक्यात कसं —

जो कुणी ही वही उचलेल त्याने साऊला तार करावी. मोंबासा, रेल्वे चाळी, सावित्री. लगेच करा. आई आली तर दार उघडू नको म्हणावं. मी रडले तरी नको. मी नाव घेऊन हाक मारली तरी ओ देऊ नको, साऊ, मी कितीही गोड —

पिंप. झाकण. माझा हात दाराला

साऊ